पहिले एअर पिस्तूल घेताना

10 मीटर एअर पिस्तूल हा भारतात पिस्तूल नेमबाजीकडे वळणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रकार. 4.5 मिलिमीटरचा छर्रा, 17 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे लक्ष्य आणि त्याच्या मध्यभागी 11.5 मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ, एवढ्यावर हा खेळ चालतो. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने याच प्रकारात वैयक्तिक कांस्यपदक मिळवले आणि सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक कांस्यही. अशा पदकांनंतर रेंजवर चौकशीला येणारे पालक आणि हौशी प्रौढ ठरावीक प्रश्न विचारतात: परवाना लागतो का, कोणती कंपनी चांगली, किती पैसे घालावेत, ऑनलाइन मागवले तर चालेल का. त्यांत कंपनीचा प्रश्न सर्वांत आधी येतो. निवडीच्या दृष्टीने मात्र तो सर्वांत शेवटचा आहे.

परवाना कशाला लागतो, कशाला नाही

भारतात शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांनुसार होते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या शस्त्रासाठी दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात: नळीचा व्यास 4.5 मिलिमीटर, म्हणजे 0.177 इंच, आणि छऱ्याची ऊर्जा 20 जूल. यांपैकी एक जरी ओलांडली तरी परवाना लागतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून सुटणाऱ्या छऱ्याची ऊर्जा साधारण 5 ते 6 जूल भरते, त्यामुळे त्याला परवाना लागत नाही. तरीही विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, आणि तो द्यावा. पिस्तूल अल्पवयीन मुलासाठी असेल तर खरेदी पालकाच्या नावाने करावी.

दारूच्या काडतुसाचे कोणतेही पिस्तूल या सवलतीत बसत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात .22 चे पिस्तूल वापरतात आणि ते पूर्णपणे अग्निशस्त्र आहे. ते स्वतःच्या नावावर घेण्यासाठी परवाना हवा. त्यासाठी सर्वसाधारण किमान वय 21 वर्षे आहे. क्लबच्या देखरेखीखालील प्रशिक्षणासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. अर्जदाराला ती मागता येतात (सार्वजनिक हिताचा अपवाद वगळता) आणि निर्णयाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. थोडक्यात, नवशिक्याने .22 चा विचार पहिल्या खरेदीत करूच नये. स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरचा विषय तर पूर्णपणे वेगळा आहे. खेळाच्या आडून त्या परवान्याची वाट शोधणाऱ्यांना रेंजवरचे जुने लोक लगेच ओळखतात.

आणखी एक गोंधळ बाजारातल्या नकली पिस्तुलांमुळे होतो. पोलिसांच्या पिस्तुलासारखी हुबेहूब दिसणारी, छोट्या गॅस-कुपीवर चालणारी आणि लोखंडी गोळ्या उडवणारी ही वस्तू ‘एअर पिस्तूल’ याच नावाने विकली जाते. स्पर्धेसाठी ती निरुपयोगी असते. लोखंडी गोळी कठीण पृष्ठभागावरून उलट उसळते, म्हणून चांगल्या रेंजवर ती वापरूच देत नाहीत. रस्त्यावर ती बाहेर काढली तर पाहणाऱ्याला ती खरीच वाटणार, हा धोका वेगळाच.

आधी क्लबचे पिस्तूल, मग स्वतःचे

पहिले तीन ते सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर काढावेत. हा सल्ला पैसे वाचवण्यासाठी आहेच, पण मुख्य कारण वेगळे आहे. सुरुवातीला उभे राहण्याची पद्धत, हात उचलण्याची उंची आणि पकड आठवड्याआठवड्याला बदलत असतात. या काळात जे पिस्तूल हाताला बरोबर वाटते, ते पकड स्थिरावल्यावर वाटेलच असे नाही. शिवाय उत्साह टिकतो की नाही, हेही याच काळात कळते. मुलांच्या बाबतीत तर हे आधी कळलेले बरे.

महाराष्ट्रात मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यात बालेवाडीचे क्रीडा संकुल, पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब ही परिचित ठिकाणे आहेत. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा रायफल असोसिएशन किंवा तिच्याशी संलग्न क्लब असतो. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांकडे जायचे तर संलग्नता आवश्यक ठरते, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी ती विचारून घ्यावी. राष्ट्रीय पात्रतेच्या वाटेवरची एक स्पर्धा ज्यांच्या नावाने होते ते ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, हेच 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते.

क्लब पाहायला गेल्यावर चार गोष्टी विचारा:

- क्लबची किती पिस्तुले चालू स्थितीत आहेत, आणि एका पिस्तुलावर किती विद्यार्थी?
- हवा भरायची सोय क्लबमध्ये आहे का?
- कोच किती वेळ प्रत्यक्ष लाइनवर उभा असतो?
- वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या मापांच्या ग्रिपची पिस्तुले हाताळून पाहता येतील का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तो क्लब थोडा लांब असला तरी चालेल.

ग्रिप: निवडीचा खरा निकष

पिस्तूल एका हाताने, उभ्याने, कुठलाही आधार न घेता धरावे लागते. मनगटाला आधार मिळेल अशी कोणतीही रचना नियमांत बसत नाही. म्हणजे शस्त्र आणि शरीर यांच्यातला एकमेव सांधा म्हणजे तळहात आणि लाकडी ग्रिप. महागडे पिस्तूल चुकीच्या ग्रिपवर वाईट चालते. जुने, साधे पिस्तूल हाताला नेमक्या बसणाऱ्या ग्रिपवर उत्तम चालते. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण दुकानात डोळा नळीवर आणि रंगावर जातो.

ग्रिप घेण्याआधी हात आणि डोळा ठरवावा. दोन्ही तळहात पुढे करून अंगठ्यांच्या मध्ये छोटी फट ठेवा आणि त्यातून दूरची एखादी वस्तू पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू फटीत राहते तो प्रबळ डोळा. उजवा हात आणि उजवा डोळा जुळत असेल तर प्रश्न नाही. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर डाव्या हाताने शिकायचे की उजव्याच हाताने, हे कोचशी बोलून ठरवावे आणि त्यानंतरच उजवी किंवा डावी ग्रिप मागवावी. उलट क्रमाने केले तर ग्रिपचे पैसे वाया जातात.

ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते आणि खालची फळी, म्हणजे पाम शेल्फ, वरखाली सरकवता येते. माप तपासण्याची एक सोपी रीत आहे:

1. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करा. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने ठेवा.
2. हात नेहमीसारखा ग्रिपमध्ये बसवा. अंगठा आणि तर्जनीमधला कोन जितका खोल जाईल तितका जाऊ द्या.
3. डोळे मिटून हात लक्ष्याच्या उंचीला न्या आणि दोन श्वास थांबा.
4. डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत जवळपास मध्यभागी दिसली पाहिजे.
5. हे चार-पाच वेळा करा. साइट दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर चूक मनगटाची नाही, ग्रिपची आहे.

साइट खाचेत आणण्यासाठी मनगट वळवावे लागत असेल, तर साठ गोळ्यांच्या स्पर्धेत तेच मनगट चाळिसाव्या गोळीला थकते. ट्रिगरवरचे बोट ग्रिपच्या लाकडाला टेकता कामा नये. ट्रिगरवर पहिल्या पेराची गादी यावी आणि बोट सरळ मागे जावे. पाम शेल्फ हाताला खालून हलकेच लागावी, आवळू नये. उन्हाळ्यात हात किंचित सुजतो, म्हणून सकाळी गार खोलीत घट्ट बसलेली ग्रिप दुपारी त्रास देते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत गुळगुळीत ग्रिप घामाने निसटते. खडबडीत कोरलेला पृष्ठभाग बरा.

ग्रिप थोडी बसत नसेल तर ती कानशीने घासता येते किंवा लाकडाच्या लुकणाने भरता येते. हे काम कोचच्या नजरेखाली, एकेक जागा धरून करावे. घासलेले लाकूड परत येत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मोठ्या मापाची ग्रिप ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेणे ही पालकांची नेहमीची चूक. शाळेचा गणवेश वाढता घेतात तशी ग्रिप घेता येत नाही. दोन वर्षांनी फक्त ग्रिप बदलावी; तेच पिस्तूल चालते.

ट्रिगर

10 मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेआधी नळी उभी धरून ट्रिगरला वजन टांगतात. ते उचलले गेले नाही तर दुरुस्ती करून पुन्हा तपासणीला यावे लागते. काही जण अभ्यासात ट्रिगर हलका ठेवतात आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी वाढवतात. ही सवय लागूच देऊ नये. 500 च्या थोडा वर कायमचा ठेवावा.

बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो: आधी हलकी चाल, मग एक जाणवणारा थांबा, आणि त्या थांब्यावर दाब वाढला की गोळी सुटते. पहिल्या पिस्तुलात हा थांबा स्पष्ट असावा. ट्रिगरची पट्टी मागेपुढे सरकवता येते का आणि छर्रा न घालता सराव करण्याची, म्हणजे ड्राय फायरची सोय आहे का, हे पाहावे. घरी भिंतीसमोर होणारा बराचसा सराव ड्राय फायरचाच असतो.

यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, यावर रेंजवर वाद रंगतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय एकसारखा सुटतो आणि अव्वल नेमबाज तो वापरतात. पण त्यात बॅटरी आणि सर्किट आहे, आणि त्याचा दुरुस्तीवाला जिल्ह्याच्या गावी मिळत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, बराच वेळ गेला आणि ती 12 व्या क्रमांकावर राहिली. तिच्यामागे संघाची सगळी यंत्रणा असताना ही अवस्था. पहिले पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचे असावे.

वजन, लांबी आणि वय

नियमानुसार पिस्तुलाचे वजन 1500 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. प्रत्यक्षात पूर्ण लांबीची पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे वजन जड जाते, आणि जड पिस्तूल पेलण्यासाठी ते मूल कंबर मागे झुकवून उभे राहू लागते. ही ढब पुढे मोडायला फार कष्ट पडतात. बऱ्याच कंपन्या आखूड नळीची, हलकी आवृत्ती काढतात. लहान चणीच्या मुलामुलींसाठी तीच योग्य. प्रौढांनीही खरेदीपूर्वी लिटरभर पाण्याची बाटली सरळ हाताने खांद्याच्या उंचीला अर्धा मिनिट धरून, थोडी विश्रांती घेऊन, असे दहा-बारा वेळा करून पाहावे. हात कितव्या खेपेला थरथरू लागतो, हे दुकानदारापेक्षा बाटली खरे सांगते.

स्प्रिंग, गॅस की दाबलेली हवा

स्प्रिंगचे पिस्तूल स्वस्त मिळते, पण दर गोळीला जोर लावून ओढावे लागते आणि सुटताना आतला दट्ट्या धक्का देतो. गोळी सुटेपर्यंत हात हलला तर ती चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. मौजेसाठी ठीक, स्पर्धेसाठी नाही. कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलाचा दाब तापमानानुसार बदलतो आणि गॅस भरून मिळणे आता अवघड झाले आहे. त्यामुळे जुने गॅसचे पिस्तूल कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावे.

उरते दाबलेल्या हवेचे. त्याचा सिलिंडर साधारण 200 बारपर्यंत भरतात आणि एका भरण्यात दीडशेच्या आसपास गोळ्या होतात, म्हणजे 75 मिनिटांतल्या साठ गोळ्या आणि आधीच्या सरावाच्या गोळ्या धरून भरपूर. हवा पाणबुड्यांच्या मोठ्या सिलिंडरमधून किंवा खास हातपंपाने भरतात. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर या दाबाच्या जवळपासही जात नाही. ऑक्सिजन किंवा दुसरा कोणताही वायू कधीही भरू नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन तेल-ग्रीसच्या संपर्कात आला की स्फोट होतो.

नवे की वापरलेले

स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी ही स्पर्धेच्या लाइनवर दिसणारी नावे. यांतले कोणतेही नवशिक्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अचूक आहे, त्यामुळे ज्याची ग्रिप बसते आणि ज्याची दुरुस्ती जवळ होते ते घ्यावे. नवी किंमत भारतात लाखाच्या पुढेच जाते. परदेशी संकेतस्थळावर स्वतः मागणी नोंदवण्याच्या फंदात पडू नये; आयातीवर निर्बंध आहेत, ठरावीक दर्जा मिळवलेल्या नेमबाजांना सवलत आहे, आणि नवशिक्याचे पार्सल कस्टममध्ये अडकते.

त्यामुळे पहिले पिस्तूल वापरलेले घेण्यात कमीपणा नाही. पुढच्या पातळीवर गेलेले नेमबाज आपली पिस्तुले विकतात, आणि नीट राखलेले दहा वर्षांचे पिस्तूलही चांगले चालते. तपासायचे एवढेच:

- सिलिंडरची तारीख. अनेक उत्पादक निर्मितीपासून 10 वर्षांची मुदत देतात. ती त्यावर कोरलेली असते आणि स्पर्धेत मुदत पाळण्याची जबाबदारी खेळाडूची असते. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करून बोलावे.
- गळती. सिलिंडर भरून, दाबमापकाचा आकडा लिहून पिस्तूल रात्रभर ठेवायला सांगावे. सकाळी काटा उतरला असेल तर सील गेलेले आहेत.
- अनुक्रमांक. पिस्तुलावरचा क्रमांक मूळ बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. बिल हरवले असे सांगणाऱ्याकडून घेऊ नये.
- ग्रुप. जाणत्या नेमबाजाकडून आधारावर ठेवून दहा गोळ्या मारून घ्याव्यात. छिद्रे एकमेकांत मिसळली पाहिजेत.
- ग्रिप. आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताला घासलेली ग्रिप बहुधा बदलावीच लागते. तो खर्च आधीच धरावा.

पिस्तुलाशिवायचा खर्च

आठवड्याला चार सत्रे आणि प्रत्येकी साठ गोळ्या धरल्या तर 500 छऱ्यांचा डबा पंधरवड्यात संपतो. हा खर्च कायमचा आहे, आणि वर्षाचा हिशेब आधीच केलेला बरा. छर्रे चपट्या तोंडाचे, स्पर्धेचे घ्यावेत. ते शिशाचे असतात; हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, तोंडात धरू नयेत. बूट घोट्याखालचे हवेत. न वापरणारा डोळा झाकायची पट्टी 30 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. रायफलवाल्यांचे जाड कॅनव्हासचे जाकीट पिस्तुलाला लागत नाही आणि चालतही नाही, तरी ते पालकांच्या गळ्यात मारले गेल्याची उदाहरणे रेंजवर सापडतात.

घरात आणि प्रवासात

परवाना लागत नसला तरी 5 जूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या जागी आणि किल्ली मोठ्यांकडे असावी. नळीतून सुरक्षा-दोरी ओवलेली ठेवावी. रेंजवर ती नियमानेच लागते. गच्चीवर, गल्लीत किंवा शेतात पक्ष्यांवर नेम धरणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. प्रवासात पिस्तूल बंद पेटीत, बिलाची प्रत आणि क्लबचे ओळखपत्र सोबत ठेवावे. विमानाने जाताना सिलिंडर रिकामा करावा, कंपनीला आधी कळवावे आणि पेटी चेक-इन सामानात द्यावी.

बिल आणि ग्राहकाचे हक्क

रोख पैसे आणि कच्ची पावती हा सौदा थोडा स्वस्त पडतो, पण पुढे दोष निघाला तर हाती काहीच उरत नाही. बिलावर मॉडेल, अनुक्रमांक, सिलिंडरची तारीख आणि हमीचा कालावधी लिहून घ्यावा. हमीची दुरुस्ती भारतात होणार की परदेशात पाठवावे लागणार, हेही लेखी हवे. विक्रेत्याने दोष मान्य केला नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, राहत्या जिल्ह्यातून करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. दुसऱ्या खेळाडूकडून वैयक्तिकरीत्या घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण सहसा मिळत नाही, म्हणून तिथे तपासणी आधीच पूर्ण करावी. आयोगाकडे जाण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 1915 या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.